एखादी चूक सांगा म्हणाले

—तसं नाही हो मावशी, गाऊन बरोबर घातलाय तुमी, मी गळ्यातलं म्हणायलेय. मंगळसूत्र काढलंत, कानातलं काढलंत, डोक्यातल्या पिनासुद्धा एकेक करून बाहेर बसलेल्या पोराच्या हातावर ठेवल्या, मग मुठीत काय धरून बसलात? बघू. — असं होय, इष्टलिंग आहे. मग तसं सांगायचं ना, मी काय परकी आहे का? आमच्या घरी पण हेच. बाबा आमचे जिनिंगमध्ये काट्यावर बसतात, कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत लागलेली असती, तरी पूजा झाल्याशिवाय ते पाण्याला शिवत नाहीत. मला कळतंय सगळं. पण चांदीची डबी अशी छातीवर राहिली ना, की फोटोत मधोमध पांढरा गोळा उमटतो, आणि त्याच्यामागं काय लपलंय ते डॉक्टरांना दिसत नाही. तीन आठवड्यांचा खोकला लिहिलाय तुमच्या चिठ्ठीवर. पार्वतीबाई, राहणार चारठाणा, खोकला तीन आठवडे, वजन कमी. असा खोकला असल्यावर डबीमागं काय आहे ते बघायला नको का? — आधी कधी आला होतात का आमच्याकडं? मावशी? — बरं, नवीन लिहिते.

तसं पण लाईट नाहीये, इन्व्हर्टरवर हा पंखा आणि कॉम्प्युटर तेवढा चालतो, मशीन नाही चालत. चार वाजून आठ मिनिटं झाली. मी मघाशी तुमाला उद्या या म्हणाले ते उगं नाही म्हणाले, साडेचारला मला एक कॉल यायचाय. तुमी काय हललाच नाहीत. आता चारठाण्याहून एसटीनं सेलूला येऊन परत जा म्हणणं पण बरं नाही दिसत, ते मला कळतंय, पण माझं पण कुणी — अगं बाई. काही नाही, खिडकी आपटली. मी अशीच आहे, मिक्सर लावला तरी दचकते. आई म्हणती, तू इंग्लंडला जाऊन कशी राहशील, तिथं तर आगीच्या घंटा वाजतात. — हो, इंग्लंड. कॉल तिथनंच यायचाय. हळू बोलते, थांबा, दार लावून घेते आधी. बाहेर टेबलावर तो सुग्रीव बसलाय ना, पावती फाडणारा, तो आमच्या डॉक्टर सरांचा माणूस. सरांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर आजच म्हणतील, जा मग, उद्यापासून कामून येतीस.

या, स्टुलावर बसा, पाठ माझ्याकडं करा. मीच सोडते दोरा. तुमचा हात पोचत नसंल मागं. डबी राहू द्या मुठीत, मी फक्त गाठी सोडते. — बाप रे. एक, दोन, तीन — सात? सात गाठी कोण मारतं मावशी, हे काय बैलाचं दावं आहे का? आणि दोरा दुहेरी. डबी तर नवीकोरी दिसायली, मग दोराच एवढा — असू द्या, असू द्या, सोडते. नखं वाढवलेली नाहीत मी, आमच्या कामात चालत नाही, आता पंचाईत झाली बघा.

तुमाला सांगते, बावीस महिने झाले या एका गोष्टीला. आधी तिथल्या कौन्सिलकडं नाव नोंदवा. का, तर इथली डिग्री तिथं तशीच चालत नाही. आता छातीचा फोटो सेलूत काढला काय आणि लंडनात काढला काय, बरगड्यांच्या जोड्या बाराच ना? पण नाही. कॉलेजात काय काय शिकवलं ते कॉलेजानंच पानोपान लिहून, प्रत्येक पानावर शिक्का मारून द्यायचं. गेले कॉलेजात. मॅडम रजेवर. दुसऱ्यांदा गेले, मॅडम आहेत, शिक्का कपाटात. कपाटाची किल्ली बाबूकडं आणि बाबू मेव्हण्याच्या लग्नाला. तिसऱ्यांदा बाबू होता, किल्ली होती, शिक्का होता, तर शाईचं पॅड वाळलेलं. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले, तर शिपाई म्हणतो, ताई, थुंकी लावली तरी उमटंल. तसंच उमटवलं मग, काय करता. — हसलात का? खांदे हलले म्हणून विचारलं.

मग इंग्रजीची परीक्षा. ऐकण्यात पास, वाचण्यात पास, लिहिण्यात पास आणि बोलण्यात अर्ध्या मार्कानं नापास. बोलण्यात! आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. परत दिली. तेव्हा कुठं कौन्सिलात नाव लागलं. आईनं गल्लीत पेढे वाटले, मी म्हणाले, अगं थांब, आत्ताशी फॉर्म भरायचा हक्क मिळाला. — ही एक सुटली. — फॉर्मचं कसं असतं, सगळं विचारत विचारत शेवटी एक प्रश्न येतो. व्हिसासाठी तुमाला स्पॉन्सर लागंल का? म्हणजे त्या दवाखान्यानं त्यांच्या सरकारला लिहून द्यायचं, की ही बाई आमाला पाहिजे, आमी तिला बोलावून घेतोय. तेवढ्या एका पत्रावर सगळं. आता मला लागणारच ना ते, मी काय तिथं जन्मले का? 'हो'वर टिक केली की संपलं. एकदा गॅसवर दूध ठेवून फॉर्म पाठवला, दूध उतू जायच्या आत नकार आला. इतक्या लवकर तर आमच्याकडं कुणी मुलगी पण नापसंत करत नाही, निदान चहा पिऊन जातात, गावी गेल्यावर कळवतो म्हणतात. त्रेचाळीस फॉर्म भरले मी. बाराला उत्तरच नाही, एक सोडून बाकीच्यांना तेच उत्तर — तुमच्या आवडीबद्दल आभारी आहोत. शिवकांत, माझा भाऊ, त्याला तर खेळच झालाय. सकाळी मी डबा घेऊन निघाले की म्हणतो, निघाल्या बाई इंग्लंडला, आजपर्यंत रेल्वेनं चुडाव्याच्या पुढं गेली नाहीस. खरं आहे ते. चुडाव्याला मावशी राहती माझी, तिथंच उतरते मी.

आणि आमच्या वर्गातली अपेक्षा, ती गेली. दोन वर्षं झाली. जिला मी प्रॅक्टिकलला उजव्या-डाव्याचं मार्कर लावून द्यायचे, ती आता तिथं बर्फात उभी राहून फोटो टाकती. जळत नाही मी. म्हणजे जळते, पण तेवढी नाही. ती म्हणती, त्रिवेणी, फक्त इंटरव्ह्यूपर्यंत पोच, पुढं सोपं आहे. पोचले की. मार्चमध्ये पोचले. एका दवाखान्यानं बोलावलं, व्हिडिओवर. मी महिनाभर व्हिडिओ बघून उत्तरं पाठ केली. कोणता डोस किती, गरोदर बाईला आधी काय विचारायचं, मशीन बंद पडलं तर काय — सगळं आलं. तिघं होते. दोघांचं झालं, आणि तिसरी, आखूड केसांची बाई, लय गोड बोलायली, तिनं विचारलं, तुमच्या हातून पेशंटच्या बाबतीत झालेली एखादी चूक सांगा. मी एकदम ताठ बसले आणि म्हणाले, सहा वर्षांत माझ्याकडून एक पण चूक झाली नाही. बाई हसली. काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जिंकलं आपण. — चार दिवसांनी मेल आला, उमेदवार हुशार आहेत, पण स्वतःच्या कामाकडं मागं वळून बघत नाहीत. म्हणजे चूक केली नाही म्हणून नापास! आता तुमीच सांगा, हा कुठला न्याय? इथं माझ्याआधी योगीराज होता, त्यानं एकदा मार्कर उलटं लावलं, स्वतःहून सरांना जाऊन सांगितलं, सर, माझं चुकलं. संध्याकाळी तो घरी. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टुलावर मी. इथं चूक सांगितली तर नोकरी जाती, तिथं नाही सांगितली तर मिळत नाही. माणसानं बोलावं तरी काय?

तर त्यांनीच परत बोलावलंय. आज. एक जागा परत निघाली म्हणे, एक संधी देतो म्हणाले, पुढच्या वर्षी कदाचित बाहेरच्यांना घेणारच नाहीत. म्हणून म्हणते, ही शेवटची. आणि ते परत तेच विचारणार. अपेक्षा म्हणती, एखादी छोटी चूक तयार कर, म्हणजे चूक पण वाटली पाहिजे आणि चूक पण नसली पाहिजे. मी एक तयार केलीय. एका आजोबांना गार पाटीला छाती टेकवायला लावली, ते शहारले, तेव्हापासून मी आधी सांगते, गार लागंल हं. — कशी वाटली? मला पण तशीच वाटती.

ही चौथी. घट्ट आहे. — मावशी, एक सांगू का? कुणाला सांगितलं नाही मी. तुमी चारठाण्याला निघून जाल, मी कुठं जाईन माहीत नाही. खरी एक आहे. तीन वर्षं झाली असतील. अशीच एक बाई आली होती, आपल्यातलीच, गळ्यात लिंग, नक्षीची जुनी डबी, सासूकडून आलेली म्हणाली होती. ती पण काढायला तयार नव्हती. बाहेर गर्दी, सर आतून ओरडायले, किती वेळ, किती वेळ. मी तिला विचारलंच नाही. मागनं गेले, दोरा सोडला आणि डबी ट्रेमध्ये टाकली, पिना आणि सेफ्टीपिनांच्या ट्रेमध्ये. टण् असा आवाज आला. मला माहीत होतं ना ते काय आहे. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. — दुखलं का? मान एकदम ताठ केलीत. ओढत नाही मी, हळूच करायलेय. — फोटो झाला, मी दोरा परत बांधला. एकच गाठ मारली. एक. पुढचा माणूस दारात उभा होता, माझं लक्ष त्याच्याकडं.

तासाभरानं बाई परत. स्टँडवर लक्षात आलं, गळा मोकळा. ती या फरशीवर गुडघ्यावर बसून मशीनच्या खाली बघायली. मला म्हणाली, पोरी, गाठ नीट मारली होतीस ना? आणि मी म्हणाले, हो. पक्की मारली होती, बाहेर कुठं पडलं असंल. असं तोंडावर म्हणाले. सर बाहेर आले, त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी दवाखान्याची नाही. बाई फरशीवरनं उठली. जाऊन पायरीवर बसली. सुग्रीवनं पाणी नेऊन दिलं, तर घेईना. आता लिंग नाही तर पाणी कसं घेणार ती, मला माहीत होतं, सुग्रीवला काय माहीत. ऊन होतं. मी या खिडकीतनं बघायचे आणि पुढचा फोटो काढायचे, बघायचे आणि पुढचा काढायचे. पाचला तिच्या घरचं कुणी आलं आणि घेऊन गेलं. सापडलं का, नवीन दिलं का आपल्या जंगम स्वामींनी, किती दिवस राहिली तशी, मला काही कळलं नाही. विचारलंच नाही मी.

तेव्हापासून माझं लिंग मी पर्समध्ये ठेवते. म्हणजे — इथं मशीनजवळ, म्हणून हो. पासपोर्टच्या फोटोला काढलं होतं, ते तसंच राहिलं. बाबांना वाटतं गळ्यात आहे. — तुमी कशाला मागं वळायलात, बसा सरळ, दोनच राहिल्या.

तोंड आठवत नाही बघा तिचं. आमचं असंच असतं, दिवसाला साठ माणसं, तोंड कोण बघतं, आमाला छाती आठवती. तिच्या डाव्या हासळीचं हाड, हे गळ्याखालचं आडवं असतं ना, ते कधीतरी मोडलेलं आणि आपोआप वाकडं जुळलेलं, एका टोकावर दुसरं टोक चढलेलं. कुणी बसवलंच नव्हतं ते कधी. एवढं मात्र पक्कं आठवतं. अजून डोळ्यापुढं येतं. — हं, ही सुटली सातवी. झालं. आता द्या डबी, ट्रेमध्ये — नाही. नाही नाही, ट्रे नको.

थांबा जरा. पूजेला आपण कुठं घेतो? डाव्या हातावर घेतो ना. हातावर असलं तर ते अंगावरच की. मग घ्या. डाव्या मुठीत घ्या, दोरा पण आत गुंडाळा, आणि मूठ कमरेवर टेकवा. फोटोत कंबर येतच नाही, छाती तेवढी येती. — बघा, एवढी साधी गोष्ट. तीन वर्षांत एकदा पण डोक्यात आली नाही माझ्या. त्या बाईला पण असंच — आली. लाईट आली. चार सत्तावीस. चला मावशी, उठा, पटकन. पटकन म्हणजे सावकाश, पण उठा.

छाती पाटीला टेकवा. गार लागंल हं. हनुवटी वर, उजवा हात कमरेवर, डावी मूठ कमरेवर, खांदे पुढं, अजून थोडे. मी आत काचेमागं जाते, तिथनं सांगते तसं करा. — मोठा श्वास घ्या. — अजून. — धरा. हलू नका. — सोडा. झालं. अवघडलात ना? उभ्या राहा तशाच, आला की नाही बघते, नाहीतर परत काढावा लागंल. येतोय. श्वास छान धरलात तुमी, बरगड्या सगळ्या आल्या, डबी कुठंच नाही, मधलं सगळं मोकळं दिसायलंय, डावी हासळी —

मावशी.

आधी कधी आला होतात का विचारलं मी. तुमी काहीच बोलला नाहीत.

नवीन डबी. सात गाठी. मी बैलाचं दावं म्हणाले. — वाजायलाय. माझाच फोन आहे, इंग्लंडवाल्यांचा. — राहू द्या, वाजू द्या. या इकडं, बसा. दोरा द्या. डबी तुमीच धरा, मला नका देऊ. मान खाली घ्या थोडी.

एक. — सापडलं नव्हतं ना ते? — हं. — किती दिवस? मावशी, पाणी किती दिवस — नका सांगू. नाही, सांगा. — तीन दिवस. — दोन झाल्या. दोरा सरकतोय, थांबा. बंद झाला बघा. होऊ द्या. तीन. मी पक्की मारली म्हणाले होते. नव्हती मारली. एकच मारली होती, ती पण सैल. तुमचं काही चुकलं नव्हतं. घरी तुमालाच बोलले असतील सगळे, नीट सांभाळता येत नाही म्हणून. — बोलले ना? वाटलंच. चार. परत वाजायलाय.

पाच. मावशी, ती आखूड केसांची बाई असंल, तीच विचारंल, चूक सांगा. आजोबांचं नाही सांगायचं मला. तुमचं नाव नाही घेणार, गाव नाही सांगणार, पण गोष्ट तुमची आहे, मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते. सहा. — सांगू का त्यांना? — नाही म्हणालात तरी चालंल. — सात. झालं, सोडला मी हात.

काय करायलात? — हां. बघा गाठ ओढून. जोरात ओढा, लाजू नका. अजून एकदा ओढा. — बसली ना?

सांग म्हणता? — बरं, मावशी. सांगते मग. रिपोर्ट उद्या अकराला, पोराला पाठवा, तुमी धक्के खात येऊ नका. निघा आता, एसटी लागली असंल. आले, आले, उचलते — नको, दार नका लोटू. राहू द्या उघडं.